टायर रिमवर टिकतो कसा? (इयत्ता ८ वी ते १० वी : दाब आणि मापन)



आपलं खापर अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्गावरचं गाव. टायर मुलांच्या रोजच्या बघण्यातले. वर्गात विचारून पाहा, "गाडीचं वजन कोण पेलतं?" बहुतेक उत्तर येतं, "रबर." खरं तर ते काम मुख्यतः आतली हवा करते.

उपक्रम १ : उभ्या मोटरसायकलच्या मागच्या टायरला खडूची पूड लावा आणि चौकटीच्या कागदावर ठसा घ्या. हवा ३० पीएसआय असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो भार पेलला जातो. ठसा ३० चौ.सेंमी. भरला, तर त्या चाकावर साधारण ६३ किलो भार आहे. हवा कमी केली की ठसा मोठा होतो. दाब = बल ÷ क्षेत्रफळ, हे सूत्र मुलांना डोळ्यांनी दिसतं.

टायर बसतो कसा? १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. तेव्हा तो चाकाला पक्का चिकटवलेला असे, त्यामुळे पंक्चर काढणं जिकिरीचं. १८९० मध्ये वेल्च यांनी टायरच्या दोन्ही कडांत न ताणणारी तार घातली.

तारेचं हे कडं रिमच्या काठापेक्षा लहान असतं. मग टायर चढतो कसा? रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो. एका बाजूची कड त्यात दाबली की समोरची कड काठावरून सरकते. सायकलच्या चाकावर मुलांना हे स्वतः करू द्या. नंतर हवा भरली की कडा बाहेर ढकलल्या जाऊन काठाला घट्ट बसतात. ट्यूबलेसमध्ये तर हीच घट्ट बसलेली कड हवा अडवते.

उपक्रम २ : टायरवर ८०/१००-१८ लिहिलंय. म्हणजे रुंदी ८० मिमी, उंची रुंदीच्या १०० टक्के, रिम १८ इंच. व्यास ४५७ + ८० + ८० = ६१७ मिमी. एका फेरीत सुमारे १.९४ मीटर. एक किलोमीटरला फेऱ्या किती? (उत्तर : सुमारे ५१६)

पालकांसाठी : हवा कमी असली की टायरच्या बाजू सतत दुमडतात, तापतात आणि कडेची पकड ढिली होते. वळणावर टायर रिमवरून सुटू शकतो. तिघं-चौघं बसवून मुलांना शाळेत सोडताना हे लक्षात असू द्या. हवा टायर गार असताना, सकाळीच तपासा. आणि ट्रकच्या रिंगवाल्या चाकात हवा भरताना मुलांना जवळ थांबू देऊ नका. रिंग नीट बसली नसेल तर ती उडते आणि जीव जाऊ शकतो.

पुढच्या शनिवारी आपल्या मुलांकडून घरच्या गाडीचा टायर वाचून घ्या. गणितही होईल आणि हवाही तपासली जाईल.