हंसराज

पावसाळ्यात एखाद्या जुन्या विहिरीत डोकावून पाहा. दगडांच्या सांधीतून हिरवी, नाजूक पानं लोंबताना दिसतील. देठ काळा, चकचकीत आणि केसासारखा बारीक. त्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या चंद्रासारखी छोटी पानं. हाच हंसराज. पानाचा आकार घोड्याच्या खुरासारखा, म्हणून काही ठिकाणी याला घोडखुरी असंही म्हणतात. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटात ओढ्याकाठी, दरडीवर तो आपोआप उगवतो. गंमत अशी, की पाण्याकाठी राहूनही याचं पान भिजत नाही. थेंब घरंगळून जातात.

हंसराजाला फूल येत नाही. मग नवं रोप होतं कसं? पान उलटं करून पाहा. कडेला तपकिरी रेघ दिसते. पुष्कळांना वाटतं कीड लागली, आणि ते चांगली पानं खुडून टाकतात! ती कीड नव्हे. पानाची कड आत दुमडलेली असते. तिच्याखाली धुळीसारखे बीजकण असतात. ते ओल्या जागी पडले की रोप होतं. पण त्याला फार दिवस लागतात. त्यापेक्षा सोपा उपाय हंसराज स्वतःच दाखवतो. त्याचा देठ लांब वाढतो, वाकतो, आणि टोक मातीला टेकलं की तिथं मुळं फुटतात. शेजारणीच्या कुंडीतलं असं टोक आपल्या कुंडीतल्या मातीवर टेकवा, वर एक खडा ठेवा. मुळं धरली की देठ कापा. डोंगरावरचं रोप उपटून आणायला नको. तसं आणलेलं बहुधा जगतही नाही.

कुंडी मातीची घ्या. भोकावर खापरी ठेवा. माती, वाळू आणि कुजलेला पाला मिसळून भरा, थोडे विटेचे तुकडे घाला. माती ओलसर हवी, पण चिखल नको. पाणी साचलं तर मुळं कुजतात. कुंडी सावलीत, न्हाणीजवळ किंवा रांजणाजवळ ठेवा. ऊन आणि कोरडा वारा या पानांना सोसत नाही.

पाऊस सरला की पानं पिवळी पडतात, मग वाळतात. घरातली माणसं म्हणतात, 'मेलं झाड', आणि कुंडी उकिरड्यावर जाते. दरवर्षी कितीतरी जिवंत हंसराज असे फेकले जातात. पानं वाळली तरी मातीतलं खोड जिवंत असतं. वाळलेले देठ मातीलगत कापा. कुंडी सावलीत राहू द्या. उन्हाळ्यात अधूनमधून ओंजळभर पाणी शिंपडा, माती पार कोरडी ठणठणीत होऊ देऊ नका. मृगाचा पाऊस पडला की मातीतून गुंडाळी केलेले बारीक कोंभ वर येतात. त्यांना बोट लावू नका. फार लवकर मोडतात ते.