परदेशातील वापरासाठी दस्तऐवजांचे प्रमाणीकरण : कोपर्निकस मार्ग ते हेग

नवी दिल्लीतील कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन आहे. तेथून इंडिया गेटकडे चालत गेल्यास थोड्याच अंतरावर टिळक मार्गावरील पटियाला हाउसचा परिसर लागतो. परदेशात सादर करावयाच्या भारतीय दस्तऐवजांचे प्रमाणीकरण करणारा परराष्ट्र व्यवहार मंत्रालयाचा विभाग याच परिसरातील जोडइमारतीतून काम करीत आला आहे. या दोन वास्तूंमधील अंतर काही मिनिटांचे आहे. परंतु लातूर किंवा गडचिरोलीतील एखाद्या परिचारिकेच्या पदविकेला हा प्रवास करताना अनेक टेबले ओलांडावी लागतात. असे का, हे समजून घेणे प्रशासन व अर्थशास्त्र या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांना उपयुक्त ठरेल.

राज्यघटनेची हद्द

संविधानाच्या अनुच्छेद 261 नुसार सार्वजनिक कृती, अभिलेख व न्यायिक कार्यवाही यांना भारताच्या राज्यक्षेत्रात सर्वत्र पूर्ण विश्वासार्हता दिली जाते. देशाची सीमा ओलांडताच हे संरक्षण संपते. परक्या देशातील अधिकाऱ्याला आपल्या निबंधकाची स्वाक्षरी ओळखण्याचे कारण नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी साक्षांकनाची साखळी उभी राहिली. प्रथम राज्य शासनाचा नियुक्त अधिकारी, नंतर परराष्ट्र व्यवहार मंत्रालय, त्यानंतर संबंधित देशाचा दूतावास, असा हा क्रम असतो. प्रत्येक पायरीवर केवळ आधीच्या पायरीवरील स्वाक्षरी व शिक्का पडताळला जातो. राज्याकडे आपल्या संस्थांच्या स्वाक्षऱ्यांचे नमुने असतात, केंद्राकडे राज्याच्या अधिकाऱ्यांचे. म्हणूनच मधली पायरी सहसा वगळता येत नाही.

हेग करार

ही साखळी आखूड करण्यासाठी 5 ऑक्टोबर 1961 रोजी हेग येथे करार झाला. सदस्य देशांपुरते दूतावासाचे साक्षांकन रद्द करून त्याऐवजी ‘अपोस्टिल’ हे एकच प्रमाणपत्र पुरेसे मानण्यात आले. ते किमान 9 सेंटिमीटर बाजूच्या चौकोनात असते व त्यात 10 क्रमांकित नोंदी असतात. भारताने 2004 मध्ये या कराराला संमती दिली आणि 14 जुलै 2005 पासून तो आपल्याकडे लागू झाला.

येथे दोन बाबी लक्षात ठेवाव्यात. करारात नव्याने येणाऱ्या देशावर जुना सदस्य आक्षेप घेऊ शकतो व तसे झाल्यास त्या दोघांपुरता करार लागू होत नाही. भारताच्या प्रवेशावर जर्मनीने असा आक्षेप नोंदविला होता. दुसरे असे की, आखाती देशांची स्थिती एकसारखी नाही. ओमान, बहारीन व सौदी अरेबिया यांनी करार स्वीकारला आहे. संयुक्त अरब अमिरात व कतार यांनी तो स्वीकारलेला नाही. त्यामुळे दुबईला निघालेल्या उमेदवाराला दूतावासाची पायरी चुकत नाही.

विश्वासाची किंमत

जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये दाखवून दिले की, ग्राहकाला खरे-खोटे ओळखता येत नसेल तर खोट्या मालाची झळ खऱ्या विक्रेत्याला बसते. बनावट पदव्यांचेही तसेच आहे. त्यांच्यामुळे वाढलेल्या पडताळणीचा खर्च प्रामाणिक पदवीधर उचलतो. अपोस्टिलचे शासकीय शुल्क दर दस्तऐवजास 50 रुपये, म्हणजे नाममात्र आहे. खरा भार असतो तो सेवा संस्थेच्या व मध्यस्थाच्या आकारणीचा, प्रवासाचा आणि बुडालेल्या रोजगाराचा. डॉक्टरला व वेल्डरला हा खर्च जवळपास सारखाच येतो. म्हणून उत्पन्नाच्या प्रमाणात तो गरिबावर अधिक पडतो. मंत्रालयापासूनचे अंतर हा एक अघोषित करच होय.

हा भार कमी करण्याच्या दिशेने दोन पावले पडली. 2017 मध्ये ‘ई-सनद’ ही संगणकीय व्यवस्था सुरू झाली आणि 2019 पासून अपोस्टिलचे काम दिल्लीबाहेर मुंबईसह अनेक शहरांत होऊ लागले. मात्र ई-सनदचा पुरेपूर लाभ मूळ संस्थेचे अभिलेख संगणकावर उपलब्ध असतील तेव्हाच मिळतो.

मर्यादा

अपोस्टिल स्वाक्षरीचा खरेपणा, स्वाक्षरी करणाऱ्याचे पद आणि शिक्क्याची ओळख प्रमाणित करते. मजकुराची सत्यता नव्हे. विद्यार्थी नेमके येथेच चुकतात. जन्मनोंदीत आईचे नाव चुकीचे लिहिले गेले असेल, तर शेवटचा शिक्काही ती चूक दुरुस्त करू शकत नाही. दुरुस्तीसाठी अर्जदाराला पुन्हा ग्रामपंचायतीच्या वा नगरपालिकेच्या नोंदवहीपाशीच यावे लागते, आणि तोवर नोकरीची मुदत टळून गेलेली असू शकते.

सारांश, प्रमाणीकरणाची साखळी कितीही आखूड केली तरी तिची पहिली कडी गावातच असते. ती नोंद अचूक व वेळेवर होणे, ही परदेशी जाणाऱ्या सामान्य माणसासाठी सर्वांत मोठी सवलत ठरेल.