पहाटेची वेळ आणि ऋतुसंधी : एक चिकित्सोपयोगी विचार

ब्राह्ममुहूर्ती उठावे, हा दिनचर्येचा पहिला पाठ आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत मुखोद्गत केला आणि रुग्णांनाही तो आपण नित्य सांगत असतो. परंतु या उपदेशाचा वैद्याच्या स्वतःच्या व्यवसायाशी काय संबंध आहे, याचा विचार क्वचितच होतो. पहाट ही ऋतू ओळखण्याची वेळ आहे आणि ऋतू ओळखल्याशिवाय शोधनकाल, पथ्य व द्रव्यसंग्रह या तिन्ही गोष्टी अंदाजाने होतात, असे आमचे मत आहे. त्या मताची मांडणी प्रस्तुत लेखात करीत आहोत.

प्रथम वेळेविषयी. ब्राह्ममुहूर्त म्हणजे पहाटेचे चार, असा सरसकट समज रूढ आहे. रात्रीचे पंधरा मुहूर्त कल्पिल्यास चौदावा तो ब्राह्म, हा सर्वमान्य अर्थ घेतला तर सूर्योदयापूर्वी सुमारे ९६ मिनिटांनी तो सुरू होतो व ४८ मिनिटे आधी संपतो. पुण्यात जूनच्या आरंभी सूर्योदय सहाच्या दोन-तीन मिनिटे आधी होतो. तेव्हा ही वेळ साधारण ४.२० ते ५.१० अशी येते. जानेवारीच्या मध्यास सूर्योदय ७.०९ च्या सुमारास असल्याने तीच वेळ ५.३३ ते ६.२० पर्यंत पुढे सरकते. सूक्ष्म गणित करावयाचे तर लांब रात्रीचा मुहूर्तही लांब असतो. पुण्याच्या अक्षांशावर जानेवारीत तो सुमारे ५२ मिनिटांचा व जूनमध्ये ४३ मिनिटांचा भरतो. नागपूर पुण्याच्या बरेच पूर्वेस असल्याने तेथे सूर्य जूनमध्ये जवळजवळ अर्धा तास आधी उगवतो. तात्पर्य, घड्याळाचा गजर बारमाही चारचा लावणे हे शास्त्राचे पालन नव्हे. हेमंतात कफप्रकृतीच्या वृद्धास चार वाजता उठवून बाहेर फिरावयास पाठविणे तर मुळीच नव्हे.

येथे ग्रंथकारांची सावधगिरी पाहण्याजोगी आहे. अष्टांगहृदयाने हा उपदेश ‘स्वस्थ’ पुरुषास केला आहे. अष्टांगसंग्रहाने त्यास आणखी एक अट जोडली : रात्रीचे अन्न जिरले की नाही, हे पाहून उठावे. म्हणजे अजीर्णी, ज्वरी, रात्रभर खोकणारा श्वासरोगी, प्रसूता यांना हा नियम जसाच्या तसा लागू नाही. हृदयविकाराचे झटके व पक्षाघात सकाळच्या प्रहरांत तुलनेने अधिक येतात, हे आधुनिक वैद्यकाचे सुस्थापित निरीक्षण आहे. तसेच हिवाळ्यात मोठ्या शहरांतील धूर व धूळ पहाटे जमिनीलगत साचून राहते, हेही सर्वज्ञात आहे. रुग्णास ‘पहाटे उठा’ असे सांगण्यापूर्वी ‘स्वस्थ’ या एका शब्दावर आपण घटकाभर थांबलो, तर पुष्कळ अनर्थ टळतील.

आता मुख्य विषयाकडे वळू. सुश्रुताचार्यांनी ऋतुचर्याध्यायात एका अहोरात्रातच संपूर्ण संवत्सराची चिन्हे पाहण्यास सांगितली आहेत. पूर्वाह्णी वसंत, मध्याह्नी ग्रीष्म, अपराह्णी प्रावृट्, प्रदोषकाळी वर्षा, मध्यरात्री शरद आणि प्रत्यूषकाळी हेमंत. या कल्पनेत काव्य आहेच. परंतु तिचे चिकित्सेतील मूल्य अधिक आहे. पहाटेस स्वभावतःच हेमंताची छटा असल्यामुळे बाह्य ऋतूतील शैत्याचा वा उष्म्याचा किंचितसा फेरफारही त्या वेळी स्पष्ट जाणवतो. दुपारी सगळेच दिवस कमीअधिक तापलेले असतात. गवतावर दव पडू लागले का, वारा नैर्ऋत्येकडून येतो की पूर्वेकडून, विहिरीच्या पाण्यावर वाफ दिसते का, पारिजातकाचा सडा अजून पडतो का, ही लक्षणे उजाडण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात हाती लागतात आणि ऊन चढताच पुसली जातात.

ही लक्षणे इतकी महत्त्वाची का? पंचांग हाती असता आकाशाकडे पाहण्याची गरज काय, असे कोणी विचारील. याचे उत्तर वृद्ध वाग्भटांनी दिले आहे. ऋतू ओळखण्याची तीन लक्षणे ते सांगतात : मास, राशी आणि स्वरूप, आणि यांपैकी नंतरचे लक्षण आधीच्यापेक्षा बलवान मानून चर्या ठेवावी, असा त्यांचा स्पष्ट निर्णय आहे. चांद्रमासापेक्षा सूर्याची राशी प्रमाण आणि राशीपेक्षाही ऋतूचे प्रत्यक्ष रूप प्रमाण. या निर्णयाची आज किती आवश्यकता आहे, ते पाहा. आश्विन शुद्ध प्रतिपदा २०२५ साली २२ सप्टेंबरला आली, तर २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे ११ ऑक्टोबरला येते. मासावर विसंबून शरद धरला तर एका वर्षात १९ दिवसांचा फरक पडतो. शार्ङ्गधर संक्रांतीवरून ऋतू मोजतात. त्यांच्या गणनेने तुळेचा सूर्य, म्हणजे सध्या १७ ऑक्टोबरच्या सुमारास, शरदाचा आरंभ होतो. त्यात पाऊस कोणाचेच ऐकत नाही. मोसमी पाऊस मुंबईत २०२३ साली २५ जूनला पोहोचला आणि २०२५ साली २६ मे रोजीच दाखल झाला. दोन वर्षांच्या अंतराने एकाच गावी वर्षा ऋतूचा आरंभ महिनाभर मागेपुढे झाला! हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मुंबईतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीखही आता ८ ऑक्टोबर धरली जाते.

याचा परिणाम थेट विरेचनाच्या पट्टीवर होतो. अष्टांगहृदय पित्तनिर्हरणास कार्तिक सांगते. चरकसंहितेत त्याच कर्मासाठी मार्गशीर्ष येतो. हा मतभेद नव्हे. दोन्ही आचार्यांना ‘साधारण’ काळ अभिप्रेत आहे, अतिशीत नव्हे, अतिउष्ण नव्हे, पावसाळी नव्हे. नवरात्र संपले म्हणून स्नेहपान सुरू करावे आणि पाठोपाठ आठ दिवस ढगाळ हवा व सरी राहाव्यात, असे प्रसंग अलीकडे वारंवार येतात. अशा वेळी अग्नी वर्षाऋतूसारखाच मंद असतो. स्नेहाची मात्रा जिरत नाही, उत्क्लेश होतो आणि दोष मात्र आपण पंचकर्मास देतो. सलग सात-आठ पहाटा निरभ्र व दवाच्या गेल्या, दुपारचे ऊन बोचू लागले, रुग्णांत अम्लपित्त, शीतपित्त, नेत्रदाह यांची संख्या वाढली, म्हणजे शरद स्वरूपाने आला असे समजून मगच विरेचनाची योजना करावी, हे आम्हास अधिक सुरक्षित वाटते. आत्ययिक अवस्थेची गोष्ट वेगळी; तेथे कृत्रिम ऋतूची योजना शास्त्रानेच सांगितली आहे.

शरदाच्या पहाटेचे आणखी एक चिन्ह आकाशात आहे. अगस्त्याचा तारा. व्याधाच्या खालोखाल सर्वांत तेजस्वी असलेला हा तारा सप्टेंबरअखेर पहाटे पाचच्या सुमारास दक्षिणेस, क्षितिजापासून फार उंच नसलेला दिसतो. पुण्याच्या अक्षांशावर तो जास्तीत जास्त १९ अंशांपर्यंतच चढतो. हात लांब करून पसरलेल्या वितीएवढे हे अंतर. उत्तर भारतात तो याहूनही खाली व उशिरा दिसतो. दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्रकिरणांनी निवालेले व अगस्त्योदयाने निर्विष झालेले पाणी ते हंसोदक, असे वर्णन आपल्या ग्रंथांत आहे. पावसाचा गढूळपणा बसल्यावर, नद्या-तळ्यांचे पाणी निवळण्याच्या सुमारास हा तारा पहाटे दिसू लागतो. आचार्यांनी या दोन घटनांची सांगड घातली, असे आम्हास वाटते. श्रद्धावान वाचकास यात ऋषीचा प्रसाद दिसेल, त्यास आमचा आक्षेप नाही. मात्र सांडपाणी मिसळणाऱ्या आजच्या नदी-विहिरींना अगस्त्य निर्विष करू शकत नाही. हंसोदकाच्या नावाखाली न उकळलेले पाणी पिण्याचा सल्ला कोणीही देऊ नये.

श्रद्धेचा विषय निघालाच आहे, तर कोजागरी व कार्तिकस्नान यांविषयी थोडे. शरदात प्रदोषकाळी, म्हणजे रात्रीच्या पहिल्या भागात, चांदण्यात बसावे असे शास्त्र सांगते आणि त्याच ऋतूत दव टाळावे असेही सांगते. कोजागरीचे आटीव दूध या पहिल्या आज्ञेस अनुसरूनच आहे. परंतु त्या रात्री श्वासरोग्यांना खिरीतून औषध देऊन पहाटेपर्यंत उघड्यावर जागविण्याची जी प्रथा अनेक ठिकाणी आहे, ती दुसऱ्या आज्ञेच्या विरुद्ध जाते. तमक श्वासाचा वेग रात्रीच्या उत्तरार्धात व गारव्यात वाढतो, हे आपणांस नव्याने सांगावयास नको. असे उपक्रम करणाऱ्या वैद्यमित्रांनी औषध मध्यरात्रीपूर्वी द्यावे, रुग्णास छपराखाली ठेवावे आणि नित्याचे श्वसनमार्गी औषध बंद करण्यास कधीही सांगू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत गावोगावी काकड आरती होते. भल्या पहाटे स्नान करून मंदिरात जाणारी वृद्ध मंडळी हा आपल्या समाजाचा ठेवा आहे. त्यांना त्यापासून परावृत्त करणे आम्हास योग्य वाटत नाही. महिनाभर ठराविक वेळी उठणे, चार माणसांत बसणे, मनाची प्रसन्नता यांचे मोल कोणत्याही रसायनाहून कमी नाही. फक्त थंड पाण्याचा हट्ट उच्च रक्तदाब व हृद्रोग असणाऱ्यांनी सोडावा, कोमट पाण्याने स्नान करावे, डोके व कान झाकावेत. मधुमेहाची इन्शुलिन घेणारी व्यक्ती उपाशीपोटी दोन तास टाळ वाजवीत बसणार असेल, तर तिच्या पिशवीत गूळ-शेंगदाण्याची वडी असावी. असे साधे सांगणे वैद्याकडून आले की ते ऐकले जाते, कारण त्यात देवाशी वाद नसतो.

शार्ङ्गधरांनी कार्तिकाचे शेवटचे आठ व मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस ‘यमदंष्ट्रा’ म्हणून सांगितले व त्या काळात अल्पाहार करण्यास बजावले. अमान्त व पूर्णिमान्त गणनेत हे दिवसही पंधरवड्याने हलतात. येथेही स्वरूपच पाहावे लागते.

औषधी निर्माण करणाऱ्या आमच्या बंधूंसाठी यात विशेष काही आहे. शार्ङ्गधरांच्या मते सर्व कार्यांसाठी लागणारी सरस औषधी शरदात व वमन-विरेचनाची द्रव्ये वसंताच्या अखेरीस घ्यावीत. चरकांनी कल्पस्थानात अंगपरत्वे भेद केला : मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, फांद्या-पाने वर्षा व वसंतात, साल, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात, फुले-फळे ज्या त्या ऋतूनुसार. संग्रह प्रातःकाळी, शुचिर्भूत होऊन, मौन धरून, सूर्याभिमुख, ईश्वरस्मरणपूर्वक करावा, असेही शार्ङ्गधर सांगतात. या विधीकडे कर्मकांड म्हणून पाहणाऱ्यांनी एकदा करून पाहावे. मौनाने व सावकाश तोडणारा माणूस चुकीची वनस्पती तोडत नाही, मुळासकट उपटत नाही आणि पुढील वर्षासाठी काही शिल्लक ठेवतो.

मात्र प्रातःकाळ म्हणजे दवात भिजलेला काळ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने औषधी वनस्पतींच्या लागवड व संकलनाविषयी २००३ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत दव, पाऊस व अति आर्द्रता असताना तोडणी टाळावी, असे म्हटले आहे. ओली अडुळशाची पाने गोणीत दाबून दुपारपर्यंत ठेवली की आतून तापतात, काळी पडतात व बुरशी धरतात. ओळख पहाटे करावी, खूण बांधावी. तोडणी दव उतरल्यावर, ऊन कडक होण्याच्या आत करावी आणि माल त्याच दिवशी सावलीत पातळ पसरावा. पाऊस लांबलेल्या वर्षी सालींचा संग्रह पंधरा दिवस पुढे ढकलावा. व्यापाऱ्याची गाडी ठरलेल्या तारखेस येते म्हणून ओली साल भरू नये. पुरवठादाराकडून माल घेताना संग्रहाची तारीख व त्या आठवड्यातील हवा यांची नोंद मागावी. पहिल्या वर्षी तो हसेल, दुसऱ्या वर्षी लिहून देईल.

राहिली ऋतुसंधी. मागील ऋतूचे शेवटचे सात व पुढील ऋतूचे पहिले सात, असे चौदा दिवस जुनी चर्या क्रमाने सोडावी व नवी धरावी, हे आपण जाणतो. ऋतूचा आरंभच निश्चित नसेल तर सात दिवस कोठून मोजावयाचे? यासाठी प्रत्येक चिकित्सालयात एक साधी वही ठेवावी, असे आम्ही सुचवितो. पहाटेचे आकाश, वारा, दव, पाऊस आणि त्या दिवशी आलेल्या रुग्णांतील प्रमुख व्याधी, एवढे चार ओळींत लिहावे. कोकणातील वैद्याची वही व विदर्भातील वैद्याची वही एकमेकांशी जुळणार नाहीत, आणि जुळण्याची अपेक्षाही नाही. चिपळूणला दव पडण्यापूर्वी यवतमाळला ते आठवडाभर पडत असेल. पादांशिक क्रमाचा पहिला दिवस ज्याने त्याने आपल्या वहीवरून ठरवावा आणि तो दवाखान्याच्या फळ्यावर खडूने लिहावा, म्हणजे रुग्णांनाही कळेल की ताक कधी कमी करावयाचे व तूप कधी वाढवावयाचे.