पाण्यात जन्मलेलं बाळ गुदमरत नाही का?

प्रश्न : सुनेला पाण्यात प्रसूती करून घ्यायची आहे. बाळाच्या नाकातोंडात पाणी जाणार नाही का? – एक वाचक, केळापूर

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे. पोटात बाळाची फुप्फुसं द्रवानं भरलेली असतात. प्राणवायू नाळेतून मिळतो. बाहेरची हवा, गारवा, स्पर्श लागला की ते पहिला श्वास घेतं आणि तो द्रव फुप्फुसं शोषून घेतात. कोमट पाण्यात निरोगी बाळ सहसा श्वास रोखून धरतं. पण कळा सोसताना त्याला प्राणवायू कमी पडला असेल, तर ते पाण्यातच धाप टाकू शकतं. हे आधी नेमकं ओळखता येत नाही, म्हणून पाण्यात प्रसूतीचा सल्ला मी देणार नाही. सुरुवातीच्या कळांत कोमट पाण्यानं आराम मिळतो, तेवढा जरूर घ्यावा; प्रसूती मात्र पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात, कोरड्यावरच करावी.

बाळ रडलं नाही तर? लगेच कोरडं करून पाठ चोळायची. तरीही श्वास नसेल, तर पहिल्याच मिनिटात फुगा-मास्कनं हवा द्यायची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या आरोग्यदूतांनाही हे शिकवलं आणि त्यांनी बाळं वाचवली. तेव्हा दवाखान्यात आधीच विचारा : फुगा-मास्क आणि तो वापरणारी व्यक्ती प्रसूतीच्या वेळी खोलीतच असेल ना?