उतारवयातील कण्याचा विकार आणि पायांची ताकद

आपल्या संस्थेच्या सभासदांत साठी-सत्तरी ओलांडलेले बंधू-भगिनी आता पुष्कळ आहेत. मासिक सभा असो की वर्धापन दिन, सभागृहात शिरल्याबरोबर त्यांची नजर प्रथम खुर्ची शोधते. "पाय भरून येतात", "पायांत मुंग्या येतात", "चार पावले चालले की बसावेसे वाटते", अशा तक्रारी आपण नेहमी ऐकतो आणि "वयच झाले, चालायचेच" असे म्हणून मोकळे होतो. परंतु या तक्रारींच्या मागे अनेकदा एक विशिष्ट विकार असतो. त्या विकारात कण्याचे झालेले नुकसान भरून काढणे आपल्या हाती नसले, तरी पायांची ताकद राखणे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते. आम्ही शाळेत विज्ञान शिकवितो, वैद्यकी नव्हे. तेव्हा उपचाराचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. मात्र आमच्या आईच्या आजारपणात आमच्याकडून जी चूक झाली ती इतर घरांत होऊ नये, या हेतूने हे लिहीत आहोत.

आईने उमेदीची वर्षे धानाच्या रोवणीत काढली. सत्तरीनंतर तिचे एक विचित्र वागणे आमच्या लक्षात येऊ लागले. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी ती दहा मिनिटेही उभी राहत नसे, पण वाकून अख्खे अंगण झाडून काढी. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेच्या रांगेत तिला पाच मिनिटांत पायरी शोधावी लागे, पण वडिलांची जुनी सायकल हाताने ढकलत ती बाजारातून घरापर्यंत आरामात येई. घरात कुणीतरी म्हणालेही, "झाडायला कंबर चालते, पोळ्या लाटायला चालत नाही का?" ते बोलणे तिच्या मनाला लागले. खरे तर ती आपल्या रोगाचे अचूक लक्षण सांगत होती आणि आम्हीच ते समजून घेत नव्हतो.

विद्यार्थ्यांसाठी थोडे शरीरशास्त्र सांगावयास हवे. मणके एकावर एक रचलेले असतात व त्यांच्या मागील बाजूस एक लांब नळी तयार होते. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू या नळीतून खाली येतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. त्याच्या खाली नसांचा जुडगा लोंबत असतो. घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला लॅटिनमध्ये तेच नाव दिले आहे. पायांना जाणाऱ्या नसा याच जुडग्यातून निघतात. वय वाढले की दोन मणक्यांमधील गादी झिजून बाहेर फुगते, मागचे लहान सांधे संधिवाताने जाड होतात आणि नळीच्या आतील पिवळा अस्थिबंध जाडावतो. तिन्हीकडून जागा आवळत जाते. कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांच्या मध्ये हे सर्वाधिक आढळते. डॉक्टरांच्या कागदावर याला 'लंबर कॅनॉल स्टेनोसिस' असे लिहिलेले असते. आपल्याकडे लोक "मणक्यात गॅप पडला" म्हणतात. वस्तुतः गोष्ट उलट आहे, जागा वाढलेली नसून कमी झालेली असते. नेदरलँड्समधील मेंदूशल्यतज्ज्ञ हेन्क व्हर्बीस्ट यांनी १९५४ साली या विकाराचे वर्णन केले, तेव्हापासून तो वेगळा ओळखला जाऊ लागला.

आता आईच्या वागण्याचा उलगडा होतो. माणूस ताठ उभा राहिला किंवा मागे वाकला की ही नळी आणखी अरुंद होते. पुढे वाकला किंवा बसला की थोडी रुंद होते. म्हणून उभे राहणे व चालणे यांनी पाय जड होतात आणि बसल्यावर काही मिनिटांत हलके वाटते. सायकल किंवा हातगाडी ढकलताना माणूस आपोआप पुढे झुकतो, त्यामुळे तीच वाट त्याला सोपी जाते. चढापेक्षा उतार अधिक त्रास देतो, कारण उतरताना पाठ मागे जाते.

पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत व मधुमेहींत. त्या दुखण्यात नुसते उभे राहिले तरी आराम पडतो, बसावे लागत नाही. आणि सायकल चालवितानाही पोटरी दुखते. तळपाय रात्रंदिवस बधिर राहत असतील तर मधुमेह किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता तपासून घ्यावी. सगळे खापर मणक्यावर फोडू नये. एमआरआयच्या बाबतीतही तसेच. १९९० साली अमेरिकेत कसलाही त्रास नसलेल्या माणसांचे एमआरआय काढून पाहण्यात आले, तेव्हा साठ व त्यावरील वयाच्या लोकांपैकी २१ टक्क्यांत नळी अरुंद आढळली. म्हणजे फोटोत दिसले ते दुखतेच असे नाही. कागद पाहून घाबरू नये, माणूस काय सांगतो ते आधी ऐकावे.

निदान झाल्यावर आम्ही भावंडांनी काय केले? आईला सक्तीची विश्रांती दिली. पाणीसुद्धा हातात नेऊन दिले. चार महिने ती पलंग आणि खुर्ची सोडून हलली नाही. दुखणे खरोखरच कमी झाले व आम्हाला समाधान वाटले. मग एके दिवशी संडासात बसलेली ती उठूच शकली नाही. दार तोडून तिला बाहेर काढावे लागले. कण्यात नवीन काही बिघडले नव्हते. चार महिन्यांत मांड्यांची ताकद गेली होती.

या विकारातील खरा धोका आमच्या मते हाच आहे. बसल्याने आराम मिळतो, म्हणून माणूस बसून राहतो. बसून राहिल्याने स्नायू झिजतात. आणि झिजलेल्या स्नायूंमुळे चालणे आणखी अवघड होते. वयोमानाने स्नायू झिजण्याला १९८९ पासून 'सार्कोपेनिया' असे नाव आहे. ही झीज किती वेगाने होते पाहा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवले, तर त्यांच्या पायांतील सुमारे १ किलो चरबीविरहित वजन, म्हणजे मुख्यतः स्नायू, घटले.

पण गेलेली ताकद परत येते, हेही सिद्ध झालेले आहे. बोस्टन येथे १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या अशक्त वृद्धाश्रमवासियांना ८ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. ते केवळ दहाजण होते व एकाने मध्येच सोडले, हे खरे. परंतु उरलेल्यांची मांड्यांची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांनी वाढली. १९९४ साली शंभर जणांवर केलेल्या प्रयोगातही ताकद दुपटीहून अधिक झाली आणि चालण्याचा वेग वाढला. वय झाले म्हणून स्नायू ऐकत नाहीत, हा समज त्यामुळे टिकत नाही.

आईला फिजिओथेरपिस्टने जे शिकविले ते कुठल्याही घरात होण्यासारखे आहे. भिंतीला टेकविलेल्या भक्कम खुर्चीवरून हातांचा आधार कमीत कमी घेऊन उठणे-बसणे. प्रथम पाच वेळा, मग हळूहळू वाढवीत. ओट्याची कड धरून टाचा उचलणे. पाठीवर झोपून गुडघे मोडून कंबर थोडी उचलणे, आणि एकेक गुडघा पोटाशी घेणे. चालणे सोडावयाचे नाही, तुकड्यांत करावयाचे: पाय भरून येण्याच्या आधीच बसावे, दोन मिनिटांनी पुन्हा निघावे. जागेवरची सायकल मिळाली तर उत्तमच. योगासने करणाऱ्यांनी भुजंगासन, धनुरासन यांसारखी मागे वाकण्याची आसने या विकारात टाळावीत. हाडे ठिसूळ झालेल्यांनी मात्र पुढे वाकून घागर किंवा पोते उचलू नये, मणका दबतो. आणि काठीची लाज कशाला? किंचित पुढे झुकून धरलेला वॉकर पुष्कळांना दुप्पट अंतर चालवितो.

विद्यार्थ्यांनी घरी एक मोजमाप करावे. आजी-आजोबांनी हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. शेजारी कुणीतरी उभे असावे. अमेरिकेतील तक्त्यानुसार ७० ते ७४ वयात पुरुषांची संख्या १२ पेक्षा व स्त्रियांची १० पेक्षा कमी आल्यास पाय अशक्त समजतात. आई प्रथम हातांशिवाय एकदाही उठू शकली नव्हती. सहा महिन्यांनी ती सात वेळा उठली. वहीत तारीख घालून लिहून ठेवावे म्हणजे फरक कळतो.

व्यायामाला अन्नाची जोड हवी. चहा-पोळीवर दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे स्नायू कशातून बनणार? भारतीय शिफारशीनुसार प्रत्येक किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज लागतात. वृद्धांना १ ग्रॅम वा थोडे अधिक द्यावे असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम मिळतात. घट्ट वरण, चणे, शेंगदाणे, दूध, अंडी, सुकट, ज्याला जे परवडेल ते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

शस्त्रक्रियेविषयी आपल्या लोकांत दोन टोकांची मते आहेत: "मणक्याला हात लावला की लकवा", किंवा "ऑपरेशन केले की सगळे ठीक". २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात शस्त्रक्रियेस तयार असलेल्या १६९ रुग्णांचे दोन गट केले. दोन वर्षांनी शस्त्रक्रियेचा गट व फिजिओथेरपीचा गट यांच्या हालचालीच्या क्षमतेत फरक दिसला नाही. तथापि फिजिओथेरपीच्या गटातील निम्म्याहून अधिक लोकांनी मध्येच शस्त्रक्रिया करून घेतली, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे बहुतेकांना आधी काही महिने मनापासून व्यायाम करून पाहण्यास हरकत नाही, आणि चालणे घटतच गेले तर शस्त्रक्रियेला भिण्याचेही कारण नाही.

याला एक अपवाद आहे. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, बसण्याच्या जागी व जांघेत बधिरपणा आला, किंवा पाऊल एकाएकी लुळे पडले, तर व्यायाम, मालीश, गावठी औषध यांत वेळ घालवू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात न्यावे. नसांचा जुडगा फार दबल्याची ती लक्षणे आहेत आणि उशीर झाल्यास गेलेले परत येईलच असे नाही.