वस्सकाराची तीन वर्षे



महापरिनिब्बानसुत्ताचा आरंभ अभ्यासवर्गात वाचताना आपण सात अपरिहानिय धम्म पाठ करतो आणि पुढे जातो. वज्जी वारंवार सभा भरवतात, एकजुटीने जमतात, ठरलेले नियम मोडत नाहीत, म्हणून त्यांचा ऱ्हास होणार नाही, असे तथागतांनी सांगितले. पण हे उत्तर न्यायला गृध्रकूटावर कोण आला होता, याचा विचार आपण करीत नाही. तो होता मगधाचा महामंत्री वस्सकार. राजा अजातशत्रूला वज्जींचे गणराज्य बुडवायचे होते आणि त्यासाठी त्याने आपल्या मंत्र्याला तथागतांकडे पाठविले होते. वस्सकाराने ते ऐकून स्वतःच्या कामाचा अर्थ काढला. युद्ध करून हे लोक हाती लागणार नाहीत. उपाय दोनच, उपलापन आणि मिथुभेद.

हे दोन शब्द वहीत लिहून ठेवा. उपलापन म्हणजे गोड बोलून आणि देऊन-घेऊन माणूस आपलासा करणे. भांडण कशाला, आपण मित्रच आहोत, असे म्हणत हत्ती, घोडे, सोने पाठवायचे. मिथुभेद म्हणजे आपसांत फूट पाडणे. पहिल्याला आज आपण लाच म्हणतो. दुसरे काम आज अपप्रचार करतो.

पुढची हकीकत अट्ठकथेत आहे. राजा आणि मंत्री यांनी भर दरबारात भांडणाचे सोंग केले. वस्सकाराचे मुंडन करून त्याला हाकलून दिले. तो वैशालीला गेला. याला घेऊ नका, असे काही जण म्हणाले, पण बाकीच्यांना त्याची दया आली आणि त्याला न्यायदानाचे पद मिळाले. काम तो चोख करीत असे. मात्र मधूनच एखाद्या लिच्छवीला बाजूला नेऊन विचारी, शेत नांगरता काय? तो म्हणे, हो, दोन बैल जोडून नांगरतो. संपले. दुसरा त्याला गाठून विचारी, आचार्य काय म्हणाले? तो खरे ते सांगे, पण एवढ्यासाठी कोणी कोणाला बाजूला नेते काय, असे म्हणून ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नसे. मग कोणाच्या कानात, अमका तुला भिकारी म्हणतो. कोणाच्या कानात, तमका तुला भित्रा म्हणतो. तीन वर्षांत दोन लिच्छवी एका वाटेने चालेनासे झाले. मग त्याने अजातशत्रूला निरोप धाडला. सैन्य आले, सभेची भेरी वाजली. श्रीमंतांनी जमावे, शूरांनी जमावे, असे म्हणून प्रत्येक जण घरी बसला. वेशीचे दरवाजे उघडेच होते.

(वज्जींच्या सभेत क्षत्रिय कुळांचेच लोक बसत, दास बसत नसत. तेव्हा तिला आजच्या अर्थाने लोकशाही म्हणण्याची घाई करू नये. पण ती कशी मेली हे शिकण्यासारखे आहे.)

वस्सकार परक्या राजाचा माणूस होता. आपल्याकडे हीच हत्यारे आपल्याच निवडलेल्या सरकारने 25 जून 1975 च्या रात्रीपासून 21 मार्च 1977 पर्यंत वापरली. शहा आयोगाच्या अहवालाप्रमाणे एक लाखाहून अधिक माणसे खटल्याशिवाय तुरुंगात होती. दहशत होतीच. पण केवळ दहशतीवर कोणतेही राज्य फार दिवस चालत नाही. आकाशवाणी सरकारच्याच हातात होती. फेब्रुवारी 1976 मध्ये चार वृत्तसंस्था मोडून ‘समाचार’ ही एकच करण्यात आली. वर्तमानपत्रांची अनुकूल, तटस्थ आणि विरोधी अशी वर्गवारी केली होती आणि सरकारी जाहिराती त्या हिशेबाने दिल्या जात, हे 1977 च्या श्वेतपत्रिकेत छापले आहे. जाहिरात हे त्या पत्राचे अन्न असते. म्हणजे पुष्कळ ठिकाणी सेन्सॉरला लाल पेन्सिल उचलावीच लागली नाही. हे शुद्ध उपलापन होय.

तरीही वाकले नाहीत असे लोक महाराष्ट्रात होते. डिसेंबर 1975 मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण हजर असताना, अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी आजारी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्यास सभेला सांगितले. पुढे त्यांना अटक झाली. मिनू मसानी यांनी आपल्या मासिकावरील सेन्सॉरचे हुकूम मुंबई उच्च न्यायालयात नेले आणि 1976 मध्ये ते जिंकले.

आता आपल्या समाजाचा प्रश्न. हा भाग कडू आहे, पण तो टाळून अभ्यास होत नाही. त्या काळच्या वीस कलमी कार्यक्रमात भूमिहीनांना जमीन, कर्जमुक्ती, वेठबिगारीचा अंत ही कलमे होती. वेठबिगारी बंदीचा कायदा 1976 मध्ये झाला आणि तो चांगलाच होता. उपलापनाची मेख इथेच आहे. दिलेली वस्तू दर वेळी खोटी नसते. ती घेताना प्रश्न विचारण्याचा हक्क खाली ठेवायचा, एवढीच अट असते आणि ती कोठे लिहिलेली नसते. नामदेव ढसाळांसारख्या बंडखोर कवीनेही आणीबाणीला पाठिंबा दिला आणि 1976 मध्ये ‘प्रियदर्शिनी’ लिहिले. बाबासाहेबांनी मात्र 25 नोव्हेंबर 1949 च्या घटना समितीतील भाषणात आधीच बजावले होते की थोर पुरुषाबद्दल कृतज्ञता जरूर असावी, पण तिलाही मर्यादा असते. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते.

आणि मिथुभेद? 3 ऑक्टोबर 1957 रोजी स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष दोन वर्षांत दुरुस्त आणि नादुरुस्त असा फुटला. कोण धोतरवाला, कोण सुटाबुटातला, यावर माणसे ओळखली जाऊ लागली. ‘शेत नांगरता काय?’ हाच तो प्रश्न. 1972 साली निघालेली पँथर 1974 मध्ये फुटली. सगळे वस्सकार बाहेरचे होते असे मी म्हणणार नाही. घरात संशयाला जागा होती म्हणून तो आत बसला. हल्ली त्याला वैशालीला जावे लागत नाही. कोणी पाठविला ते न कळणारा निरोप मोबाईलवर येतो आणि आपण तो पुढे ढकलतो.

6 फेब्रुवारी 1977 ला दिल्लीत जयप्रकाश आणि जगजीवनराम यांची रामलीला मैदानावर सभा होती. लोकांनी घरी बसावे म्हणून दूरदर्शनने त्या संध्याकाळी ‘बॉबी’ चित्रपट दाखविला. मैदान तरीही भरले. तेव्हा भेरी वाजली आणि लोक आले.

गावाची भेरी म्हणजे ग्रामसभेची दवंडी. आपल्या ओझरहून लेण्याद्री फार लांब नाही. तेथील विहारांत जो भिक्खुसंघ राहत असे त्याच्या विनयात पुरेशी संख्या जमल्याशिवाय संघाचे काम होत नसे, आणि ती भरून काढणाऱ्याला गणपूरक म्हणत. बाबासाहेबांनी त्याच भाषणात संघाच्या या सभानियमांचा दाखला दिला आहे. आजच्या कायद्यात शब्द आहे गणपूर्ती. ग्रामसभेसाठी ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग चार-दोन माणसांत जे ठरते ते गावाचे ठराव म्हणून इतिवृत्तात चढते, आणि निवडणुकीत पाकीट घेतलेल्या माणसाला त्यावर बोलताना जीभ जड होते.

पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या गावच्या मागील चार ग्रामसभांचे इतिवृत्त मागून, प्रत्येक सभेला किती सह्या आहेत आणि त्यांत आपल्या वस्तीच्या, त्यातही बायांच्या, किती, हे लिहून आणावे. सभा मूळ तारखेची होती की तहकुबीची, तेही बाजूला लिहावे.