गरम पाण्यासाठी उष्णता-पंप : घरगुती वीजबचतीचा एक पर्याय

महाराष्ट्रातील बहुतेक घरांचा दिवस गरम पाण्याने सुरू होतो. एके काळी परसातील चुलीवर हंडा चढे, किंवा न्हाणीघरालगत तांब्याचा बंब पेटे. लाकूड, गोवऱ्या, कोळसा, भुसा, जे हाताशी असेल ते त्यात जाई. शहरांत, आणि पुढे मोठ्या गावांतही, बंबाची जागा विजेच्या गिझरने घेतली. धूर गेला, वेळ वाचला, घरातील स्त्रियांचे कष्ट कमी झाले. ही सोय मोलाची आहे यात शंका नाही. मात्र तिची किंमत सहसा लक्षात घेतली जात नाही. नऊ वॅटचा दिवा चोवीस तास जळून जेवढी वीज खर्च करतो, तेवढी दोन हजार वॅटचा गिझर साडेसहा मिनिटांत खर्च करतो. म्हणूनच घरगुती वीजबचतीचा विचार दिव्यांपाशी न थांबता न्हाणीघरापर्यंत गेला पाहिजे.

गिझरची मर्यादा

गिझरमधील तापणारी तार विजेचे जवळजवळ संपूर्ण रूपांतर उष्णतेत करते. एक युनिट विजेपासून सुमारे ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते आणि कितीही उत्तम गिझर घेतला तरी त्याहून अधिक मिळू शकत नाही. अधिक तारांकन असलेल्या गिझरमध्ये टाकीतील पाणी निवण्याचे प्रमाण कमी असते, एवढाच त्याचा लाभ.

खरा अपव्यय गिझरच्या आधीच झालेला असतो. चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या औष्णिक केंद्रात कोळसा जाळून जी उष्णता मिळते, तिच्यापैकी साधारणपणे एक तृतीयांश ऊर्जाच विजेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे तीन भाग उष्णतेपासून एक भाग वीज करावयाची, ती शेकडो किलोमीटर वाहून न्यावयाची आणि शेवटी तिची पुन्हा उष्णताच करावयाची, असा हा द्राविडी प्राणायाम आहे.

उष्णता वाहून आणणारे यंत्र

विहिरीवरील पंप पाणी निर्माण करीत नाही. खालचे पाणी वर आणतो. उष्णता-पंप, ज्याला बाजारात ‘हीट पंप’ म्हणतात, तो हेच काम उष्णतेच्या बाबतीत करतो. सभोवतालच्या हवेत जी उष्णता असते ती गोळा करून तो टाकीतील पाण्यात सोडतो. वीज लागते ती केवळ या वाहतुकीसाठी.

हे तत्त्व घरोघरी परिचित आहे. फ्रिज आतील उष्णता काढून बाहेर टाकतो, म्हणून त्याची पाठ किंवा बाजू हाताला कोमट लागते. उष्णता-पंप म्हणजे उलट कामाला लावलेला फ्रिज होय. त्याच्या नळ्यांतून लवकर उकळणारे प्रशीतक द्रव्य फिरते. प्रथम ते हवेतील उष्णता शोषून वायुरूप होते. नंतर कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो व दाबामुळे तो बराच तापतो. हा तप्त वायू टाकीभोवतीच्या नळ्यांतून जाताना आपली उष्णता पाण्याला देतो व पुन्हा द्रवरूप होतो. शेवटी एका अरुंद झडपेतून जाताना त्याचा दाब उतरतो, तो थंड होतो आणि हेच चक्र पुन्हा सुरू होते.

ही कल्पना नवी नाही. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धी पावलेले शास्त्रज्ञ, यांनी १८५२ मध्ये अशा यंत्राची मांडणी केली होती. झूरिकच्या नगरभवनात १९३८ मध्ये नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप कार्यान्वित झाला. जपानमध्ये २००१ साली ‘इको-क्यूट’ या नावाने घरगुती पाणी तापविणारे उष्णता-पंप विक्रीस आले. त्यांत प्रशीतक म्हणून कार्बन डायऑक्साइड वापरला जातो. अशा लाखो संचांनी आज तेथील घरांत स्थान मिळविले आहे.

हिशेब काय सांगतो?

पाच माणसांच्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. रोज १०० लिटर पाणी २० अंश सेल्सिअसपासून ५५ अंशांपर्यंत तापवावयाचे आहे. त्यासाठी ३,५०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे चार युनिट ऊर्जा लागते. टाकीतून व नळातून वाया जाणारी उष्णता जमेस धरता गिझर साडेचार युनिट वीज घेईल. उष्णता-पंप एक युनिट विजेमागे साधारणपणे तीन युनिट उष्णता देतो असे धरल्यास तेच काम दीड युनिटात होईल. दररोजची बचत तीन युनिट, आणि वर्षातील ३०० दिवस गरम पाणी लागत असेल तर ९०० युनिट. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो असे धरले, तर वर्षाकाठी सहाशे किलोग्रॅमहून अधिक वायू हवेत जाण्याचे टळेल.

युनिटचा दर ८ रुपये धरल्यास ही बचत वर्षाला ७,२०० रुपये होते. उष्णता-पंप गिझरपेक्षा बराच महाग असतो. दोहोंच्या किमतीत ४०,००० रुपयांचा फरक असल्यास तो साडेपाच वर्षांत भरून निघेल. परंतु दोघांच्याच कुटुंबात रोज ४० लिटर पाणी लागत असेल, तर बचत वर्षाला जेमतेम २,९०० रुपये होईल आणि तोच फरक भरून निघण्यास चौदा वर्षे लागतील. तोवर यंत्राचे आयुष्यही संपत आलेले असेल. म्हणजे हे साधन सरसकट सर्वांसाठी नाही. ज्या घरी माणसे अधिक, पाण्याचा वापर नित्य आणि विजेचा दर वरच्या टप्प्यातील, तेथेच ते खऱ्या अर्थाने लाभदायक ठरते.

रोहित्रावरील भार

बचतीची एक बाजू वीजबिलात दिसत नाही. समजा, एका वाडीतील ३० घरांत सकाळी एकाच वेळी दोन हजार वॅटचे गिझर सुरू झाले. केवळ त्यांचाच भार ६० किलोवॅट होतो. ६३ केव्हीए क्षमतेचे रोहित्र तेवढ्यानेच भरते. मग दाब उतरतो, दिवे मंदावतात, पाणीपुरवठ्याचा पंप अडखळतो. सातशे वॅटच्या उष्णता-पंपांचा भार त्याच घरांत २१ किलोवॅट होईल. शिवाय पाणी साठवून ठेवता येत असल्याने हा पंप दुपारी चालविता येतो. दुपारी हवा उबदार असल्याने त्याचे कामही कमी विजेत होते. ज्या घरांच्या छपरावर सौर वीजसंच आहे, तेथे दुपारचे ऊन सकाळच्या आंघोळीसाठी असे राखून ठेवता येते.

निवड व बसवणी

स्वतःची गच्ची आणि दिवसभर ऊन असेल, तर सौर बंबाचा विचार प्रथम करावा. त्याला पाणी तापविण्यासाठी वीज जवळजवळ लागत नाही. मात्र सदनिकांत गच्चीचा हक्क सर्वांना नसतो, आणि कोकणात पावसाळ्याचे महिने सूर्यदर्शन दुर्मीळ असते. अशा ठिकाणी उष्णता-पंप उपयोगी पडतो. त्याला ऊन नव्हे, हवा लागते. निफाडसारख्या भागात हिवाळ्यात पहाटेचे तापमान १० अंशांखाली उतरते तेव्हा त्याची कार्यक्षमता घटते, परंतु तो बंद पडत नाही.

बसविताना काही गोष्टींची काळजी घेणे अगत्याचे आहे. यंत्र बंदिस्त न्हाणीघरात ठेवू नये. ते हवा ओढते व थंड हवा बाहेर सोडते, म्हणून सज्जा किंवा मोकळी पडवी योग्य. त्यातून ठिबकणाऱ्या पाण्यास वाट करून द्यावी. कॉम्प्रेसरचा आवाज शयनगृहाच्या भिंतीलगत नसावा. विंधन विहिरीचे पाणी क्षारयुक्त असल्यास टाकीतील मॅग्नेशियमचा दांडा ठराविक काळाने तपासून घ्यावा. भूसंपर्क जोडणी पक्की असावी. साठविलेल्या पाण्यात रोगजंतू वाढू नयेत म्हणून ते वेळोवेळी ६० अंशांपर्यंत तापवावे. गिझरप्रमाणे कळ दाबताच पाणी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये, कारण हा पंप सावकाश तापवितो. म्हणून टाकी कुटुंबाच्या गरजेनुसार पुरेशी मोठी घ्यावी.

प्रशीतकाचीही चौकशी करावी. आर-१३४ए हा वायू हवेत सुटल्यास कार्बन डायऑक्साइडच्या हजाराहून अधिक पट तापमानवाढ घडवितो. २०१६ च्या किगाली करारानुसार अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवावयाचा असून भारताने २०२१ मध्ये या कराराला मान्यता दिली. प्रोपेनवर चालणारे संच या दृष्टीने निर्धोक आहेत. मात्र प्रोपेन ज्वलनशील असल्याने त्यांची दुरुस्ती प्रशिक्षित कारागिराकडूनच करून घ्यावी.

शाळा व ग्रामपंचायतींसाठी

हा विषय वर्गात प्रत्यक्ष मोजून शिकविता येतो. बादलीतील पाण्याचे लिटर, तापविण्यापूर्वीचे व नंतरचे तापमान आणि वीजमीटरवरील दोन नोंदी एवढी सामग्री पुरे. लिटर आणि तापमानातील वाढ यांच्या गुणाकाराला ८६० ने भागले की किमान किती युनिट लागले असते ते कळते. मीटरची नोंद त्याहून जितकी जास्त, तितकी उष्णता वाया गेली. विद्यार्थ्यांनी आपल्या घरचा असा तक्ता आठवडाभर ठेवला, तर त्यांच्या पालकांनाही कोणते साधन घ्यावे याचा निर्णय विक्रेत्याच्या शब्दावर नव्हे, स्वतःच्या आकड्यांवर घेता येईल.

ग्रामपंचायतींनी व अधिकाऱ्यांनी वसतिगृहे, आश्रमशाळा आणि ग्रामीण रुग्णालये यांचा असाच हिशेब मांडणे इष्ट आहे. तेथे रोज शेकडो लिटर गरम पाणी लागते, त्यामुळे वाढीव किंमत घरांपेक्षा लवकर भरून निघू शकते. थंडीच्या पहाटे वसतिगृहातील मुलांना कढत पाणी मिळावे आणि त्यासाठी गावाचा वीजपुरवठा कोलमडू नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे शक्य आहे. साधन उपलब्ध आहे. हिशेब करून योग्य ठिकाणी ते वापरणे एवढेच बाकी आहे.